सिझियम क्लोराइडचा माडेलुंग स्थिरांक जुळत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पायथॉनमध्ये आयनिक स्फटिकांची जालक ऊर्जा (सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना सुटणारी ऊर्जा) काढतेय. त्यासाठी माडेलुंग स्थिरांक लागतो, म्हणजे एका आयनावर बाकी सगळ्या आयनांच्या आकर्षण-प्रतिकर्षणाची बेरीज सांगणारी संख्या. मिठाचं जमलं. गोलाकार थरांनी बेरीज केली की ६, −२.४९, २.१३, −०.८७ अशी नुसती उड्या मारते, म्हणून एव्हजेनची रीत घेतली: घनाच्या पृष्ठावरचे आयन १/२, कडांवरचे १/४, कोपऱ्यांवरचे १/८ मोजायचे. पहिल्याच घनाला १.४६, दुसऱ्याला १.७५, खरं उत्तर १.७४७६. आयनांतलं अंतर ०.२८२ नॅनोमीटर धरून दर जोडीला −८.९२ इलेक्ट्रॉनव्होल्ट स्थिरविद्युत ऊर्जा येते. बॉर्नचा घातांक (आयन जवळ आल्यावर प्रतिकर्षण किती झपाट्याने वाढतं ते सांगणारा) ९ घेतला की −७.९३, म्हणजे मोलमागे साधारण −७६५ किलोज्यूल. बॉर्न-हेबर चक्राच्या (प्रयोगात मोजलेल्या ऊर्जांवरून जालक ऊर्जा काढण्याची रीत) ७८७ शी एवढा फरक चालेल.

अडलंय ते सिझियम क्लोराइडपाशी. तीच रीत, पण बाहेरच्या पृष्ठावर सिझियम असेल तर एक उत्तर, क्लोराइड असेल तर दुसरं, आणि घन कितीही वाढवला तरी दोन्ही १.७६२७ पासून लांबच. दोन्हींची सरासरी मात्र बरोबर बसते! याला भौतिक आधार आहे की नुसता योगायोग?

शिवाय एवाल्ड बेरीज (हीच बेरीज जवळचा आणि दूरचा अशा दोन भागांत करायची रीत) वापरायची तर α (ती विभागणी ठरवणारा आकडा) किती घ्यावा, आणि आयनाची स्वतःशीच होणारी आंतरक्रिया नेमकी कुठे वजा करायची? कुणी हाताने सोडवलेलं उदाहरण दाखवलं तर फार बरं होईल, तयार सॉफ्टवेअर नकोय.