शब्दचर्चा: 'रोल-प्लेइंग'ला भूमिका म्हणावं की सोंग?

उशिरा-आलेला

बेचाळिसाव्या वर्षी मी 'बॉल्डर्स गेट' हा कॉम्प्युटरवरचा 'रोल-प्लेइंग' खेळ, म्हणजे एक पात्र घेऊन त्याच्या वतीने खेळायचा, हाती घेतलाय. पहिलाच, १९९८चा, म्हणजे डागडुजी करून २०१२ला पुन्हा काढलेली आवृत्ती. भाच्याने लावून दिला आणि तो होस्टेलवर गेला. पात्र तयार करण्याच्या पडद्यावरच माझा दीड तास गेला. इंग्रजीची अडचण नाही, नोकरीच त्या भाषेत करतो. पण थॅको, सेव्हिंग थ्रो, अलाइनमेंट, पार्टी वगैरे शब्द कळूनही कळत नाहीत. मराठीत कुणी यांची सोय लावलीय का? आणि मुळात 'रोल-प्लेइंग'ला काय म्हणायचं? मला 'भूमिकापालन' सुचलं, पण ते सरकारी परिपत्रकातून पळून आल्यासारखं वाटतं.

खडीसाखर

सोंग. आपल्याकडे हा शब्द आयता पडलेला असताना भूमिका कशाला? भूमिका म्हटलं की पुढे 'पक्षाने ती स्पष्ट करावी' असंच ऐकू येतं. शिवाय सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे तुम्हाला खेळातल्या पहिल्या दुकानात कळेलच.

तिरफळ

सोंगाला माझंही मत, पण एक अडचण सांगतो. आमच्याकडे दशावतारात संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. १९७४ला गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तो टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ याच जातीचा. तिथे सोंग शब्द चपखल बसतो. कॉम्प्युटरवर मात्र चार वाक्यं समोर येतात, त्यातलं एक निवडायचं. ते सोंग कसलं? फार तर सोंगाचा मुखवटा.

खडीसाखर

मुखवटा तर मुखवटा. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (१९९९) खेळून बघा. सुरुवातीला तुमचा माणूस कुठल्याच बाजूचा नसतो. तुम्ही काय बोललात आणि काय केलंत त्यावरून त्याची वृत्ती बदलत जाते. ती चार वाक्यं जपूनच निवडावी लागतात.

उशिरा-आलेला

वृत्ती म्हणजे अलाइनमेंट का?

खडीसाखर

मी तसंच म्हणते. एका बाजूला नियमनिष्ठ, तटस्थ, स्वैर. दुसऱ्या बाजूला सज्जन, तटस्थ, दुष्ट. तीन गुणिले तीन, नऊ प्रकार. 'स्वैर सज्जन' म्हणजे मनाने चांगला पण रांगेत उभा न राहणारा. आमच्या सोसायटीत असे पाच आहेत. 'नियमनिष्ठ दुष्ट' सेक्रेटरी आहेत.

वीस-तोंडी

आता जरा आकड्यांकडे येऊ, कारण नवखा माणूस खरा तिथेच गळतो.

'बॉल्डर्स गेट' 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांवर चालतो, आणि तो मूळ खेळ फाशांचा आहे हे आधी लक्षात ठेवा. कॉम्प्युटर पडद्यामागे वीस तोंडांचा फासा टाकत असतो. इंग्रजीत त्याला 'रोल' म्हणतात, म्हणजे भूमिकेचा रोल वेगळा आणि फाशाचा वेगळा. नव्या माणसाचा निम्मा गोंधळ इथलाच. मराठीत हा प्रश्नच येत नाही. आपण दान म्हणतो. दान पडतं, पडत नाही, उलटं पडतं.

थॅको म्हणजे 'टू हिट आर्मर क्लास झिरो'ची आद्याक्षरं. ज्याचं चिलखत शून्य दर्जाचं, त्याला वार लागायला तुम्हाला किती दान हवं, तो आकडा. चिलखताचा दर्जा जितका कमी तितका चांगला, आणि सगळे इथेच चक्रावतात. वर्गातल्या नंबरासारखं समजा: पहिला आलेला दहाव्यापेक्षा भारी. अंगावर काहीच नसेल तर दर्जा १०. तुमचा थॅको २० आणि समोरच्याचा दर्जा ५, तर २० वजा ५, म्हणजे १५ किंवा वर दान पडलं तर वार लागला. पहिल्या पातळीवर तुमचे बहुतेक वार हवेत का जातात ते यावरून कळेल. थॅकोला मराठी शब्द शोधू नका. तो इंग्रजीतही शब्द नाही.

सेव्हिंग थ्रो म्हणजे बचावाचं दान. कुणी विष पाजलं, मंत्र टाकला, तर तुम्हाला एक शेवटचं दान मिळतं. पडलं तर सुटलात. (देव तारी वगैरे.) याचा आणि खेळ 'सेव्ह' करण्याचा काहीही संबंध नाही. पण तेही करत जा. 'क्यू' दाबलं की होतं.

तिरफळ

दानावरून आठवलं. सोंगट्यांत पौ म्हणजे एक आणि वर बारा, हे मोठं दान. आणि तोच पोबारा आपण पळून जाण्याला वापरतो. या खेळात दोन्ही अर्थ लागू.

शब्दखोदू

'डंजन'बद्दल कुणी बोललं नाही म्हणून. सगळे तळघर, भुयार, अंधारकोठडी म्हणतात, आणि आजच्या अर्थाने ते बरोबरच आहे. पण मूळ फ्रेंच 'दोंजों' म्हणजे किल्ल्याचा मुख्य बुरूज, सगळ्यात उंच आणि भक्कम जागा. आपल्या भाषेत बालेकिल्ला! बुरुजात कैदी ठेवत, ते कैदी हळूहळू शब्दात खाली सरकले, आणि इंग्रजीत बुरुजाचं तळघर झालं. राजगडाचा बालेकिल्ला चढताना दम लागलेल्या कुणाला सांगा की हा डंजन आहे, बघा काय म्हणतो ते.

दुसरा शब्द आपल्याकडून गेलेला. 'अल्टिमा ४' (१९८५) मध्ये त्या खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियट याने 'अवतार' घेतला. त्या खेळात शेवटी मारायला कुणी खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, नम्रता असे आठ गुण अंगी बाणवायचे आणि अवतार व्हायचं. आपला अवतार वरून खाली उतरतो, हा खालून वर चढतो. मला ही उलटापालट आवडते. मात्र मराठीत आई 'काय अवतार करून आलायस' म्हणते, तो अर्थ पडद्यावरच्या फाटक्या कपड्यांतल्या पहिल्या पातळीच्या वीराला जास्त शोभतो.

उशिरा-आलेला

धन्यवाद मंडळी. पार्टी राहिली. आणि 'मेमराइझ स्पेल' म्हणजे काय? माझ्या मांत्रिकाने एकच मंत्र म्हटला आणि नंतर काठी घेऊन उभा राहिला.

खडीसाखर

मंत्र पाठ करणे. सकाळी पाठ केलेला मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो; झोप काढून पुन्हा पाठ करायचा. परीक्षेचा पेपर देऊन बाहेर आलेला विद्यार्थी आठवा. पहिल्या पातळीवर एकच मंत्र पाठ होणार असेल तर 'स्लीप' घ्या, अख्खी टोळी आडवी होते.

वीस-तोंडी

पहिल्याच खेपेला मांत्रिक घेतलात? त्याची जिवाची पुंजी, म्हणजे किती मार सोसून जगेल तो आकडा, चार तोंडांच्या फाशावर ठरते, लढवय्याची दहा तोंडांच्या. स्वतः लढवय्या व्हा, मांत्रिक वाटेत भेटतील. आणि सगळ्यांच्या हातात धनुष्य द्या.

'कॉन्स्टिट्यूशन'ला राज्यघटना समजून वगळू नका, तो काटकपणा. 'डेक्स्टेरिटी' चपळाई. 'इंटेलिजन्स' बुद्धी, 'विज्डम' शहाणपण. मांत्रिकाला बुद्धी लागते, पुजाऱ्याला शहाणपण. दोन्ही एकाच माणसात असतील असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिरफळ

पार्टीला टोळी. सहा जण मिळून लोकांच्या घरात शिरता, पेट्या उघडता, सापडेल ते उचलता. चमू कसला म्हणताय!

क्वेस्टला, म्हणजे खेळात कुणीतरी सोपवलेल्या कामाला, माझ्या मते कामगिरी. पण खेळ जिथे सुरू होतो त्या कँडलकीपमध्ये गाईला औषध पोचवणं, कोठारातले उंदीर मारणं असली कामं येतात. त्यांना कामगिरी म्हणायला जीभ वळत नाही. वरकाम म्हणा.

शब्दखोदू

वरकाम! घेतला.

खडीसाखर

मग 'पॉज'ला टाइम प्लीज. लढाई चालू असताना स्पेसबार दाबायचा, सहाही जणांना काय करायचं ते सांगायचं, पुन्हा दाबायचा. लहानपणी अंगठा ओठाला लावून हेच करायचो. १९९७च्या पहिल्या 'फॉलआउट'मध्ये ही गरज नाही, तिथे लढाईत आळीपाळीने राज्य येतं. पण तिथे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप शोधायला दीडशे दिवसांची मुदत आहे, त्यामुळे रमतगमत खेळणाऱ्याने आधी 'बॉल्डर्स गेट'च संपवावा.

उशिरा-आलेला

अहवाल देतो. लढवय्या केला, काटकपणा १७. गाईला औषध पाजलं, उंदीर मारले, वरकामं झाली. फ्रेंडली आर्म नावाच्या खाणावळीपर्यंत टोळी सुखरूप पोचली. पायऱ्यांवर एक गृहस्थ नाव विचारायला पुढे आले. सांगितलं. ते मांत्रिक निघाले. टाइम प्लीज म्हणायचं सुचलं नाही, बचावाचं दान पडलं नाही, पोबारा जमला नाही.

आणि क्यू दाबायचं राहिलं होतं.

वीस-तोंडी

गाय कशी आहे आता?

उशिरा-आलेला

पुन्हा आजारी.