अॅक्सोलॉटलच्या टाकीचा तळ

अॅक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, सॅलॅमँडरच्या जातीचा उभयचर प्राणी) पाळताना टाकीच्या तळाला रंगीत खडे घालावेत का, असं एकाने विचारलंय. कृपया नको! अॅक्सोलॉटल तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. त्यासोबत खडे पोटात गेले की आतडं तुंबतं. शिवाय विष्ठा फटींत कुजत राहते. तळ मोकळाच ठेवा, घाण मोठ्या ड्रॉपरने रोज मिनिटभरात उचलता येते. नुसत्या काचेवर पाय घसरतात बिचाऱ्यांचे, म्हणून मी एक-दोन सपाट फरशा ठेवते, त्या बाहेर काढून धुता येतात. फिल्टर स्पंजचा घ्या, प्रवाह मंद राहतो. तो स्पंज मात्र टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर स्पंजात वाढलेले, विष्ठेतून होणाऱ्या विषारी अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मरतात. पाण्याचं तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस ठेवा.