घरच्या चार्जिंगला तुमच्याकडे किती वेळ लागतो?

वाळ्याचा कूलर: मे २०१७ मध्ये नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सी धावू लागल्या, तेव्हा मी चालकाला पहिला प्रश्न हाच विचारला होता की ही घरी चार्जिंगला लावता येते का. काल गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले आणि तो प्रश्न पुन्हा आठवला. माझ्या गाडीची बॅटरी ३०.२ युनिटची असून ती १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर २० टक्क्यांपासून पूर्ण भरायला २३० व्होल्टला पावणेआठ तास घेते. काल व्होल्टेज १९५ वर उतरल्यामुळे नऊ तास लागले. आपापले आकडे सांगावेत.

संत्राबर्फी: आमच्याकडे ४०.५ युनिटची गाडी आणि ७.२ किलोवॅटचा चार्जर आहे, त्यामुळे साडेसहा तास पुरतात. मात्र त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागला आणि मीटरपासून वेगळी वायर ओढावी लागली. शेजारच्या काकांनी आमचे पाहून तसाच चार्जर बसवला, पण त्यांच्या गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटच घेतो, म्हणून त्यांचा वेळ मिनिटभरही कमी झाला नाही.

महालचा वाडा: वेळेपेक्षा वायरिंग पाहा, ही विनंती. वाड्यातल्या जुन्या वायरिंगवर मी एक्स्टेंशन लावून गाडी जोडली होती. तिसऱ्या रात्री वास आला म्हणून खाली गेलो, तर सॉकेटची पांढरी पट्टी तपकिरी होऊन फुगली होती आणि पिन ओढून निघत नव्हती.

मनीषनगरवासी: रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला सहा युनिट लागतात, म्हणजे साध्या सॉकेटवरही दोन तासांचेच काम आहे. रोज रात्री शंभर टक्के भरण्याचा हट्ट मला तरी कळत नाही.

वाळ्याचा कूलर: पटले. पण आज चार्जरवर लाल दिवा आहे आणि गाडी चार्जच होत नाही. व्होल्टेज तर ठीक आहे.

संत्राबर्फी: भाऊ, अर्थिंगचा खड्डा पाहा. मे महिन्यात तो कोरडा पडला की चार्जर अर्थिंग मिळत नाही म्हणून थांबतो. आमच्याकडे सासरे दर रविवारी त्यात दोन बादल्या पाणी ओततात. तरीही दिवा गेला नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

वाळ्याचा कूलर: खड्ड्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली होती. कुंडी हलवून पाणी ओतले, अर्ध्या तासाने हिरवा दिवा लागला.