नवीन वॉशिंग मशीन घेताना तुमच्या घरात काय काय झालं? (अनुभव धागा)

गोधडी
आमच्या मशीनने काल मान टाकली. म्हणजे फिरतंय अजून, पण स्पिन सुरू झालं की विमान उडाल्यासारखा आवाज. मेकॅनिक म्हणाला बेअरिंग गेलं. आणि या मॉडेलचा टब जोडून सीलबंद केलेला, उघडता येत नाही, त्यामुळे बेअरिंगसाठी अख्खा टब बदलायचा. खर्च ऐकून नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं, झालं.

मेकॅनिक गेल्यावर मशीनमध्ये एक ओलीचिंब चादर राहिली होती. लेक आणि मी दोन टोकं धरून पिळायला उभ्या राहिलो, आणि मला एकदम आई दिसली. आई एक टोक माझ्या हातात द्यायची नि ओरडायची, "उलट फिरव गं, उलट!" मी हमखास तिच्याच दिशेने फिरवायचे, चादरीला पीळ म्हणून बसायचा नाही. पुढे घरात दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक आलं तरी ती कॉलर नि बाह्या हाताने घासूनच आत टाकायची. "मशीनला दिसतंय का कुठे मळलंय ते?"

असो. आता नवीन घ्यायचंय. घरात सहा माणसं. नवरा म्हणतो फ्रंट लोड, सासूबाई म्हणतात रोज वाकायचं कोणी, मुलांना काचेतून कपडे फिरताना बघायचेत. सल्ल्यांनी डोकं भरलंय, मला तुमचे अनुभव हवेत. काय घेतलं, का घेतलं आणि घरात कोण रुसलं?

खटपट्या
आधी नळ बघा, मग मशीन. कोणत्या मजल्यावर राहता? टाकी डोक्यावर लगेच असेल तर दाब मिळत नाही. हिशोब सोपा आहे, १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. तुमच्या नळाच्या वर टाकी दोन-तीन मीटरच असेल तर पाव बारच्या आसपासच मिळणार. फ्रंट लोडला किमान किती लागतो ते माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. आमच्याकडे मशीन पाणी भरता भरताच एरर दाखवून थांबायचं. छोटा प्रेशर पंप बसवला तेव्हा सुटलो.

झुळूक
फ्रंट लोड. रुसलं कोणी नाही, पण माझे गुडघे बोलतात.

मधली सून
आम्ही एकत्र कुटुंब, आमच्याकडे अजून सेमीच आहे आणि कोणी हसलं तरी चालेल. एका टबात धुणं चालू असतं तोवर दुसऱ्यात आधीचे पिळले जातात. साबणाचं तेच पाणी, आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी. ऑटोमॅटिक प्रत्येक वेळी ते पाणी फेकून देतं ना. पाणी गेलं तर बादलीने भरते. तोटा एकच, माणूस तिथे बांधला जातो. ओले कपडे उचलून दुसऱ्या टबात टाकायचे, नीट दाबून बसवायचे, नाहीतर तो टब धडाधडा आपटतो. मोठ्या जाऊबाईंना आवाजावरूनच कळतं आज कोण लावतंय.

बाकी नंतर लिहिते, आत हाक मारतायत.

रिकामटेकडा
मशीनचं ठीक आहे, एका पायाचे मोजे जातात कुठे यावर आधी धागा काढा.

खटपट्या
@रिकामटेकडा, फ्रंट लोड असेल तर दाराच्या रबराची घडी उघडून बघा. आमच्या रबरात मोजा, केसांची पिन आणि एक लॉटरीचं तिकीट मिळालं. तिकीट धुतलं गेलं असल्याने आपण श्रीमंत होतो की नाही ते कायमचं गूढ.

पाणपोई
किलोचं कोणी सांगितलं नाही अजून. ८ किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या सुती कपड्यांचं, तेही कॉटनच्या मोठ्या प्रोग्रॅमवर. सिंथेटिकला साधारण त्याच्या निम्मे घाला. १५ मिनिटांच्या झटपट प्रोग्रॅमला एक-दोन किलो, म्हणजे चार शर्ट नि थोडंफार. लोक त्यात अख्खी टोपली कोंबतात आणि मग "मशीन नीट धूत नाही".

मी घेताना रोजचे कपडे धरलेच नाहीत. सगळ्यात मोठं काय धुवायचंय ते धरलं, आमच्याकडे डबलबेडचं जाड पांघरूण. कोरडं पांघरूण कवटाळून वजनकाट्यावर उभी राहिले, मग नुसती उभी राहिले. दुसरा आकडा बघून पांघरुणाचा विषय बाजूला पडला ते वेगळं.

झुळूक
@पाणपोई 😀😀 तो काटा खोटा असतो गं. सगळ्यांचाच.

पारिजात
बाळ झाल्यावर घेतलं, हीटरवालं. ६० अंशावर दुपटी, लंगोट निघाले की जिवाला बरं वाटतं. फक्त दुधाचे नि रक्ताचे डाग थेट गरम पाण्यात टाकू नका कोणी, प्रथिनं शिजून डाग पक्का बसतो. आधी गार पाण्यात. हे मला माझ्या आत्याने सांगितलं, ती नर्स होती.

हीटर दीड-दोन हजार वॅट खातो, त्यामुळे १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका प्लीज. बाळ उठलं, जाते.

टेकडीवाला
बोअरचं पाणी असलेल्यांनी हात वर करा. आमच्याकडे काळे कपडे वाळले की पांढरट पट्टे. पाणी जड असलं की साबण जास्त लागतो, हीटरवर क्षाराचा थर बसतो, मग तो तापायला वेळ लावतो आणि एक दिवस जातो. नळाला क्षार कमी करणारं फिल्टर बसवलं, शिवाय मधूनमधून सायट्रिक अ‍ॅसिड टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवतो. पहिल्यांदा केलं तेव्हा जे गढूळ पाणी बाहेर पडलं ते बघून बायको म्हणाली, इतकी वर्षं आपण यात कपडे *धूत* होतो?

शब्दशून्य
+१ टेकडीवाला

आजीची नात
वाचत होते फक्त, पण हे लिहावंसं वाटलं. आमची आजी स्वतःचे कपडे स्वतःच धुते, दुसऱ्याला हात लावू देत नाही. दृष्टी फार कमी झालीय. घरात सगळ्यांना तो काळा चकचकीत टच पॅनेलवाला आवडला होता. आजीने दुकानात त्यावर बोटं फिरवली नि म्हणाली, "इथे तर काहीच नाहीये."

मग गोल बटण असलेलं शोधलं, तर त्यातही गंमत. हल्लीची गोल बटणं नुसती गरागरा फिरतात, शेवट येतच नाही. कुठून मोजायचं तिने? शेवटी एक मिळालं, त्यात मशीन बंद करून चालू केलं की कायम पहिल्याच प्रोग्रॅमवर येतं. चालूच्या बटणावर नेलपॉलिशचा एक जाड ठिपका दिला, सुरूवर दोन. आजी: चालू, चार टकटक उजवीकडे, सुरू. जमलं. प्रोग्रॅम किती आहेत ते आम्ही कोणी बघितलंच नाही.

गोधडी
@आजीची नात, किती छान केलंत. सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या नेलपॉलिश लाल हवं.

@खटपट्या, सर्वात वरचा मजला आहे आमचा. आता काय?

खटपट्या
नळ पूर्ण सोडा, बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. मिनिटाला किती लिटर येतात हे कळलं की माहितीपुस्तकाशी ताडून बघता येईल. टॉप लोडमधली बरीच कमी दाबावरही भरतात, उशीर लागतो एवढंच. पण एकूण पाणी टॉप लोड जास्त पितं, कपडे बुडायला लागतात ना त्यात. फ्रंट लोडमध्ये ड्रम आडवा, कपडे वर जाऊन खाली आपटतात, थोडक्या पाण्यात भागतं.

मधली सून
आले परत. काय काय लिहून झालं इथे!

@गोधडी, टॉप लोड घेणार असाल तर सासूबाईंची उंची बघा. माझ्या आईला तळातला रुमाल पोचत नाही. ती वडिलांची काठी घेऊन मासे धरल्यागत उभी असते मशीनपाशी. वडील चालायला काठी शोधत घरभर फिरतात.

रिकामटेकडा
कोणी मला सांगा की इको प्रोग्रॅमला तीन-तीन तास का लागतात. वीज वाचते म्हणे. तीन तास फिरून??

पाणपोई
@रिकामटेकडा, खरंच वाचते. विजेचा मोठा वाटा पाणी तापवायला जातो, मोटर फिरवायला फार नाही. १९५९ मध्ये सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने मांडलं की धुण्याला चारच गोष्टी लागतात: रसायन, तापमान, घासाघीस आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवा. इकोत तापमान उतरवतात म्हणून वेळ वाढतो. तुझी आई भिजवून ठेवायची ना रात्रभर, तेच.

रिकामटेकडा
माझी आई मला भिजवून ठेवायची असं वाचलं आधी.

शब्दशून्य
हाहा

खटपट्या
अजून एक. नवीन फ्रंट लोडच्या मागे वाहतुकीसाठी बोल्ट लावलेले असतात, ड्रम हलू नये म्हणून. ते काढल्याशिवाय चालवायचं नाही. आमच्या शेजाऱ्यांनी मेकॅनिकची वाट न बघता लावलं. पहिल्याच स्पिनला मशीन बाथरूममधून चालत दारापर्यंत आलं, काका त्याला दोन्ही हातांनी मागे ढकलतायत आणि काकू "बटण बंद करा हो" म्हणून ओरडतायत. बोल्ट फेकू नका, घर बदलताना परत लागतात. आणि चाकांच्या स्टँडवर ठेवू नका, चारही पाय जमिनीला टेकलेले हवेत.

पाणपोई
सुरुवातीला सगळीच चालायची. बेंडिक्सचं १९३७ चं घरगुती ऑटोमॅटिक तर जमिनीला बोल्टने जखडून ठेवावं लागायचं. आता आत काँक्रीटचे ठोकळे असतात वजनाला, म्हणून तर दोघांनाही उचलत नाही.

टेकडीवाला
काँक्रीट? खरंच? मी समजत होतो आपलीच पाठ गेली.

झुळूक
@गोधडी, तुझ्या लेकीची परीक्षा कशी झाली? मागे म्हणाली होतीस गणिताची धास्ती घेतलीय.

गोधडी
झाली एकदाची. पेपर सोपा गेला म्हणते, म्हणजे मला आता खरी धास्ती.

पारिजात
वासाचं राहिलं. फ्रंट लोड घेतलात तर धुणं झाल्यावर रबर पुसा, दार नि साबणाचा कप्पा उघडा ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. मात्र घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर दार उघडं ठेवताना लक्ष हवं, आणि सुरू करण्याआधी आत बघायचंच. आमच्याकडे यावर नियम आहे: बाळ कडेवर असल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

साबणही फ्रंट लोडचा वेगळा, कमी फेसाचा. फेस झाला म्हणजे स्वच्छ निघालं असं नाही. फेसाने कपडे एकमेकांवर आपटतच नाहीत, आणि मशीन बिचारं खंगाळत बसतं.

आजीची नात
आणि खालचं छोटं झाकण! पंपाचा फिल्टर. नाणी, बटणं, ब्राची तार, सगळं तिथे. उघडताना खाली ताट ठेवा, पाणी येतं भळाभळा. आमच्याकडे आजीच्या ब्लाउजचा हूक मिळाला, जो ती गेले कित्येक दिवस शिंप्याने चोरला म्हणत होती.

मधली सून
शिंप्याने हूक चोरला 🤣🤣 आजींना नमस्कार सांगा.

गोधडी
ताजी बातमी. बादली फारच सावकाश भरली, म्हणजे फ्रंट लोडला पंप लागणारच. नवरा म्हणतो पंप बसवू, पण घेईन तर तेच. सासूबाई म्हणतात खाली स्टूल घेऊन बसेन, पण मुलांना काच हवी तर हवी. आश्चर्य आहे, दोन दिवसांपूर्वी याच वाकणार नव्हत्या.

मग सासऱ्यांनी इतका वेळ पेपर वाचत होते तो खाली ठेवला, मोजपट्टी घेतली आणि बाथरूमचं दार मोजलं. ५८ सेंटिमीटर. मशीन ६० रुंद.

खटपट्या
खोली किती आहे मशीनची? ५५ च्या आत असेल तर आडवं फिरवून न्या. मागचे पाइप-नळ्या धरून मोजा मात्र, नि दाराची काचही पुढे आलेली असते. आणि दाराची फळी बिजागरीतून काढलीत तर तीन-चार सेंटिमीटर सहज सुटतील.

गोधडी
फळी काढायची म्हटल्यावर सासरे म्हणाले, मग मशीन बसेपर्यंत बाथरूमला जायचं कसं?

रिकामटेकडा
इको प्रोग्रॅम लावा, तीन तास कोणी जाणारच नाही.

झुळूक
पडदा लाव गं. आणि गॅलरी मोजली का? आमचं गॅलरीतच आहे, वर छप्पर आहे म्हणून. नळ नि निचरा दोन्ही असेल तर तिथेच टाक.

गोधडी
गॅलरीत नळ आहे! थांबा, मोजून येते.