प्ला थू नुंग : वाफवलेला, उकडलेला की उकळलेला?

शब्दपारखी
थायलंडच्या समुत सोंगख्राम प्रांतातल्या मे क्लोंग गावच्या माशावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. गाडी 'प्ला थू नुंग' या नावापाशीच अडली. 'प्ला' म्हणजे मासा, 'थू' ही माशाची जात आणि 'नुंग' म्हणजे वाफवणे, इथवर कोश साथ देतो. मग 'वाफवलेला बांगडा' म्हणावं का? शिवाय 'खेंग', 'ख्लोंग' आणि 'ना ङो, खो हाक' यांनाही चपखल शब्द हवेत.

खाडीकाठ
'वाफवलेला' लिहू नका. नावात नुंग असला, तरी या माशाला वाफ दाखवतच नाहीत. तो खाऱ्या पाण्यात उकळतात, आणि हे तिकडच्या विक्रेत्यांनाही पक्कं ठाऊक असतं. नाव रूढ झालं ते झालं.

कृती अशी. माशाचं पोट चिरायचं नाही. कल्ल्यांत बोट घालून कल्ले ओढायचे, त्यांच्यासोबत आतडी येतात. रक्त जाईपर्यंत धुऊन मासा थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवतात. मग डोकं खाली दाबून मान वाकवायची आणि दोन किंवा तीन मासे खेंगेत, म्हणजे विणलेल्या छोट्या उथळ परडीत, शेजारी शेजारी बसवायचे. अशा खेंगांची चळत बांबूच्या उभ्या पिंजऱ्यात रचतात, वरून दाब देतात म्हणजे मासे तरंगत नाहीत, आणि अख्खा पिंजरा खळखळत्या खाऱ्या पाण्यात सोडतात. मासा हातभर लांब नसतो, वीतभरच, त्यामुळे दहा मिनिटांच्या आसपास काम होतं. वर काढल्यावर अंगाला चिकटलेला फेस धुऊन टाकतात. तो राहिला तर गार झाल्यावर कातडीवर करडी साय धरते आणि माशाची चकाकी जाते.

मराठीत 'उकडलेला' हा शब्द इथे सोयीचा आहे. बटाटे पाण्यात उकडतो, मोदक वाफेवर उकडतो, दोन्हीला क्रियापद एकच. नाव भाषांतरित करायचं तर 'उकडलेला थू' चालेल. कृती सांगताना मात्र 'मिठाच्या पाण्यात उकळून' असं स्पष्ट लिहा, नाहीतर वाचक मोदकपात्र काढेल.

मत्स्यगंध
आणि 'बांगडा' लिहिण्याआधीही जरा थांबा. आपला बांगडा म्हणजे शास्त्रीय नावाने रास्ट्रेलिगर कानागुर्ता. थू म्हणजे रास्ट्रेलिगर ब्राकिसोमा. घराणं एक, भाऊ वेगळा. थू रुंद आणि चपटा, तोंड आखूड. बांगडा त्या मानाने निमुळता आणि लांबट. बांगड्याच्या छातीच्या पराजवळ काळा ठिपका असतो. थाय लोक बांगड्याला 'प्ला लांग' म्हणतात आणि बाजारात तो थू म्हणून खपवला तर जाणती गिऱ्हाइकं नाक मुरडतात. त्यांच्या मते थूचं मांस मऊ आणि गोडसर, लांगचं घट्ट आणि थोडं कोरडं. तेव्हा 'थू (बांगड्याच्या जातीचा मासा)' असं एकदा लिहून पुढे नुसतं 'थू' ठेवा.

ट्यूनाशी मात्र याचा संबंध जोडू नका. ट्यूना म्हणजे आपला कुपा. उच्चाराच्या साम्यामुळे भाषांतरात ही चूक सर्रास दिसते.

शब्दपारखी
'थू' मराठीत जरा अवघड जागचं दुखणं आहे हो. जेवणाच्या लेखात 'थू' लिहायचं?

मत्स्यगंध
लिहायचंच. मूळ व्यंजन महाप्राण आहे. 'टू' किंवा 'तू' केलंत तर उच्चार चुकतो आणि ट्यूनाचा घोळ पुन्हा दारात येतो. 'प्ला थू' असं जोडून लिहा, म्हणजे थुंकणं आठवणार नाही.

पाटावरवंटा
'ना ङो, खो हाक' : ना म्हणजे चेहरा, ङो म्हणजे वाकलेला, खो म्हणजे मान, हाक म्हणजे मोडलेली. मे क्लोंगच्या माशाची ही ओळखच आहे. 'ना ङो' हे फुरंगटलेल्या माणसालाही म्हणतात, म्हणून त्यात थट्टा आहे. मराठीत 'तोंड वाकडं, मान मोडकी' केलंत तर अर्थही राहतो आणि तोंड वाकडं करण्याचा रुसवाही येतो.

वाकवण्याचं कारण मात्र थट्टेचं नाही. मासा खेंगेच्या व्यासापेक्षा लांब असतो. डोकं दुमडलं की तो मापात बसतो आणि खेंगेतून न काढता हाताळता, विकता येतो. मासा ताजा पण ताठरपणा उतरलेला हवा. लाकडासारखा कडक असताना जोर लावला तर मानेपाशी मांस फाटतं आणि उकळताना तिथून चोथा सुटतो. शिळा असेल तर पोट फुटतं. म्हणून विकत घेताना मान न बघता पोट बघा.

खेंगेला 'टोपली' लिहू नका, डोळ्यांपुढे कोळणीची पाटी येते. ही उथळ, गोल, जाळीदार विणीची, जेमतेम एका पंज्याची. 'परडी' जवळचा आहे. मे क्लोंगला रुळांवर भरणाऱ्या बाजाराची चित्रफीत बऱ्याच जणांनी पाहिली असेल. गाडी आली की छत्र्या मिटतात तो. तिथे रुळांलगत मांडलेल्या माशांच्या परड्या त्या याच.

खाडीकाठ
ख्लोंगचं काय करणार? 'कालवा' म्हटलं की खणलेला. दामनोन सादुआक हा 1866 ते 1868 या काळात खणलेला, था चीन आणि मे क्लोंग या नद्या जोडणारा. त्याला कालवा म्हणणं बरोबर. पण थाय लोक नैसर्गिक भरती-ओहोटीच्या फाट्यालाही ख्लोंगच म्हणतात. समुद्रालगतचं ख्लोंग खोन गाव तसल्याच पाण्यावर, खारफुटीत वसलं आहे. तिथे 'खाडी' लिहा. आणि गावाच्या नावातला 'ख्लोंग' आहे तसाच ठेवा.

हा फरक पदार्थापर्यंत पोचतो. थूचं नेहमीचं जेवण म्हणजे तो तळून 'नाम फ्रिक कापी' या तिखट चटणीबरोबर खाणं. कापी ख्लोंग खोनची नावाजलेली, साखर अंफवाच्या कालव्याकाठच्या नारळांची, मीठ त्याच किनारपट्टीच्या मिठागरांचं. ताटातलं बहुतेक सगळं एकाच प्रांतातल्या पाण्याकाठचं.

शब्दपारखी
कापी म्हणजे जवळ्याची चटणी म्हणू का?

पाटावरवंटा
चटणी नको. कापी हा आंबवलेला लगदा आहे, नुसता खायचा नाही. 'खोय' नावाची इवली कोळंबी, जवळ्याएवढी किंवा त्याहून बारीक, मीठ लावून मुरवतात, उन्हात वाळवतात, कुटतात आणि पुन्हा मुरत ठेवतात. सुका जवळा भाजून वाटलात तर चव चांगली लागेल, पण ती कापी नव्हे. आणि 'कपि' असं ऱ्हस्व लिहू नका, मारुतीराया आठवतो.

चटणी म्हणजे नाम फ्रिक. चार जणांना: कापी दोन चमचे, लसूण सात-आठ पाकळ्या, तिखट मिरच्या सहा ते दहा, नारळाची साखर दीड चमचा, लिंबाचा रस अडीच चमचे. सगळे मोठे चमचे धरा. कापी केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर किंवा तव्यावर, वास बदलेपर्यंत भाजायची. कच्ची राहिली तर खारट उग्रपणा शेवटपर्यंत जात नाही. लसूण आणि कापी खलबत्त्यात आधी, मिरची नंतर आणि नुसती ठेचायची, मग साखर. लिंबू सर्वांत शेवटी, फक्त रस. साल किंवा बी खलात गेलं की कडवटपणा येतो. माशाचं पाणी, म्हणजे 'नाम प्ला', चव बघूनच. कापीतच मीठ भरपूर असतं. सोबत काकडी, चवळीच्या कोवळ्या शेंगा, उकडलेल्या भाज्या.

मत्स्यगंध
इथला बांगडा वापरून करणाऱ्यांसाठी. दीडशे ते दोनशे ग्रॅमचेच मासे घ्या. एक लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मीठ, पाणी खळखळल्यावरच मासा सोडा. गार पाण्यात टाकून तापवलात तर मांस पाण्यात उतरतं, कातडी सुटते. पुन्हा उकळी आली की आच कमी करून आठ ते दहा मिनिटं. तळण्याआधी पूर्ण गार आणि कोरडा होऊ द्या. ओला मासा तव्याला चिकटतो आणि नेमकी पोटाची बाजू, सगळ्यात चवदार, तिथेच राहते. मीठ पुन्हा लावायचं नाही, पीठही नाही.

'खारा बांगडा' हा शब्द मात्र इथे धोक्याचा आहे. खारा महिनोन्‌महिने टिकतो, हा टिकत नाही. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, बस. बर्फाविना पडून राहिलेल्या बांगड्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते उकळून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर गांध्या उठणं, डोकं दुखणं हे त्याचं लक्षण. मासा बर्फातलाच घ्या.

शब्दपारखी
मग नोंद अशी करतो: 'प्ला थू नुंग: थू मासा परडीत मान दुमडून बसवून, मिठाच्या पाण्यात उकडलेला. नावात वाफवणे असले तरी कृतीत नाही.'

खाडीकाठ
'तळून खातात' तेवढं जोडा. नाहीतर कोणी परडीतून काढून तसाच ताटात घेईल. तसाही खाता येतो म्हणा, पण नाम फ्रिकबरोबर तळलेलाच हवा.