सांगलीत पस्तिशीनंतर प्रेमात पडायचं असेल तर माणसं भेटतात कुठं?

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी. वय ३६, लग्न झालेलं नाही, द्राक्षांच्या रेसिड्यू टेस्टिंग लॅबमध्ये (फवारलेल्या औषधांचे अंश मालात किती उरलेत ते तपासतो) सीनियर केमिस्ट आहे, विश्रामबागला आईबरोबर राहते. काम मनापासून आवडतं आणि ते सोडायचा प्रश्नच नाही, हे आधीच सांगते म्हणजे निम्मे सल्ले वाचतील. जानेवारी ते एप्रिल आमचा सीझन, युरोपला जाणाऱ्या मालाचा रिपोर्ट आल्याशिवाय बागेत कात्री लागत नाही त्यामुळे बागायतदार काय आणि एक्स्पोर्टर काय, रात्री अकराला फोन करून विचारतात "मॅडम आमचं सॅम्पल मशीनला लागलं का". आणि लग्नसराई, मेळावे, बघण्याचे कार्यक्रम सगळे नेमके त्याच दिवसांत. अशी मधली कितीतरी वर्षं गेली, कुणी नव्हतंच आयुष्यात. आता मात्र ठरवलंय. मला स्थळ नकोय, मला कुणीतरी आवडायला हवंय, फोन वाजला की त्याचाच असावा असं वाटायला हवंय. ही इच्छा मला अजिबात फालतू वाटत नाही.

तर काय काय झालं सांगते. अ‍ॅप घेतलं. अंतर वीस किलोमीटर ठेवलं की भावाचा वर्गमित्र, शेतीच्या औषधाचे दुकानदार ज्यांचे सॅम्पल आमच्याकडे येतात, आणि मामेबहिणीचा दीर ज्याच्या लग्नात मी जेवून आलेय. अंतर वाढवलं तर एक मूळचा गावभागातला, आता पुण्यात असलेला भेटला, त्याचा पहिलाच मेसेज "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय. पाऊस जोरात होता, त्याचे आईवडील इथंच, २०१९ ला घरात पाणी शिरलेलं, काळजी खरी होती म्हणून मी रोज सकाळी पातळी कळवायची. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सगळं बोलता बोलता रात्री दोन-दोन तास गप्पा व्हायला लागल्या आणि मला तो खरंच आवडायला लागला होता. पाणी उतरलं तसे मेसेजही उतरले. आता त्याचं "हाय" पण येत नाही.

मग एकजण शंभर फुटी रोडला कॅफेत भेटला, तासगावकडचा बागायतदार, दिसायला छान, बोलायला नम्र. कॉफी येईपर्यंत सगळं ठीक, मग त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात द्राक्षाची पानं. वरून पिवळे तेलकट डाग आणि उलटं केलं की खाली पांढरी बुरशी, सरळ सरळ डाऊनी, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. पानं टेबलावर पसरली, वेटर कप कुठं ठेवू म्हणून थांबलेला. मी सगळं नीट सांगितलं, कुठलं औषध, काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, ते पण. चांगला तास गेला. जाताना म्हणाला "तुमच्याशी बोलून लई बरं वाटलं मॅडम".

आणखी एकानं नरसोबाच्या वाडीला बोलावलं. दर्शन झालं, बासुंदी घ्यायला बसलो तर शेजारच्या टेबलावरच्या काकू माझ्याकडे टक लावून बघतायत, मी वाटी खाली ठेवली तशा म्हणाल्या "गोड बेतानंच खाते, चांगलंय". त्याची आई. बरोबर मावशी पण होती.

तर प्रश्न असा की स्थळांच्या रस्त्यानं न जाता, या वयात, सांगली-मिरजेत माणसं भेटतात कुठं? ज्यांना भेटली त्यांनी सांगा प्लीज.

मिरज_जंक्शन:
ताई राग मानू नका पण ३६ ला प्रेमबिम शोधत बसण्यापेक्षा मेळाव्यात नाव नोंदवा. घटस्फोटित, विधुर यांच्यात पण चांगली माणसं असतात. प्रेम लग्नानंतर होतं, आमचं झालं.

द्राक्षवेल:
राग नाही दादा. घटस्फोटित माणसाला माझी ना कधीच नव्हती. मेळाव्याला पण जाऊन आले. फॉर्मवर "अपेक्षा" असा रकाना होता, त्यात मी लिहिलं, रोज अर्धा तास गप्पा मारता याव्यात. टेबलावरच्या काकांनी माझ्यासमोर ते खोडून "निर्व्यसनी, सुस्वभावी" लिहिलं आणि विचारलं, नोकरी सोडायची तयारी आहे ना? तुमचं लग्नानंतर झालं, छानच झालं, पण मला आधी व्हायला हवंय आणि त्यासाठी मी थांबायला तयार आहे.

बेदाणा_तासगाव:
ताई मी बागायतदाराचीच बायको, म्हणून त्या पानवाल्याची बाजू घेते जरा. आमच्याकडं फळछाटणीनंतर पाऊस लागला की माणूस झोपत नाही, डाऊनी घडात शिरली तर वर्षाची कमाई जाते. त्या दिवसांत कुणी भेटायला आलं हेच मोठं. पण एक सांगा, दुसऱ्या भेटीत त्यानं तुमच्याबद्दल काही विचारलं का? जेवलात का, लॅबमध्ये काय चाललंय, असलं काही? माझ्या नवऱ्यानं बघायला आला तेव्हा पाण्याच्या टँकरचं बोलणं काढलेलं, मला वाटलं गेलं हे, पण निघताना विचारलं, तुम्हाला शिकायचं होतं ते राहिलं का. तिथं मी हो म्हटलं.

द्राक्षवेल:
दुसरी भेट झालीच नाही. फोटो आला व्हॉट्सअ‍ॅपवर, मला वाटलं त्याचा असेल. पानावरच्या भुरी रोगाचा होता.

बेदाणा_तासगाव:
मग सोडा त्याला. औषध सांगितलंत तेवढं पुण्य.

कास_कन्या:
मी साताऱ्याची, ३८, सिंगल, बँकेत. सगळ्यात आधी एक महत्त्वाचं, अ‍ॅपवर कुणी परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनियर चार दिवसांत लग्नाचं बोलायला लागला आणि मग गिफ्ट पाठवलंय, कस्टममध्ये अडकलंय, पैसे भरा असा फोन आला तर एक रुपया द्यायचा नाही. आमच्या ब्रँचला असे पैसे भरायला आलेल्या शिकल्यासवरल्या बायका मी स्वतः काउंटरवर थांबवल्यात, एकीनं तर माझ्याशी भांडण केलं. गेलेच पैसे तर लगेच १९३० ला फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी ते अडवायची शक्यता जास्त. पहिली भेट चारचौघांत आणि त्याआधी व्हिडिओ कॉल, फोटोतला माणूस खरा आहे का ते कळतं.

आता तुमचा प्रश्न. मी धावायला लागले. इथं २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, त्यामुळे पहाटे यवतेश्वर घाटात बघावं तेव्हा कुणी ना कुणी पळत असतं. घाट चढताना माणूस खोटं बोलू शकत नाही, दम लागलेला असतो. मला अजून कुणी सापडला नाही पण दोन जण असे आहेत की ज्यांची मी पहाटे वाट बघते, हे मी कुठं बोलले नव्हते.

गावभाग_वहिनी:
सगळं वाचलं आणि राहवेना म्हणून लिहितेय. अगं सांगलीत राहतेस आणि माणसं कुठं भेटतात विचारतेस? नाटकात! विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथं सीता स्वयंवर केलं तेव्हापासून या गावाला ते वेड आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी दिवाळीच्या आधीपासून सुरू होतात, म्हणजे तुझ्या सीझनच्या आधी, रिपोर्टची गडबड नसते तेव्हा. अभिनय यायलाच हवा असं नाही, कपडेपट, प्रॉम्प्टिंग, संगीत, प्रॉपर्टी म्हणजे रंगमंचावरचं सामान, हात कमीच पडतात. मी गेले होते मैत्रिणीला सोबत म्हणून. एक मुलगा शिडीवर चढून लाईट लावायचा, कुणाशी जास्त बोलायचा नाही, माझ्या तोंडावर उजेड नीट पडत नाही म्हणून एकच स्पॉट रात्री बारापर्यंत इकडं तिकडं करत बसला. माझा रोल दोन वाक्यांचा होता! आता त्याच्याबरोबर संसार आहे आणि अजून घरातले बल्ब तोच बदलतो. तिथं काय होतं, महिना-दीड महिना रोज भेट होते, माणूस दमलेला, चिडलेला, वाक्य विसरलेला सगळा दिसतो. कॅफेत एक तासात काय दिसणार. आणि कुणाला "बघायला" गेलीस असं कुणी म्हणत पण नाही.

मिरज_जंक्शन:
वहिनींचं पटलं मला. मग मिरजेचं पण सांगतो, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला संगीत सभा असते, त्यांची कबर तिथंच आहे, आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात. रात्र रात्र गाणं चालतं, मधे चहाला उठलं की शेजारी बसलेल्याशी बोलणं होतंच, "तान ऐकली का" एवढ्यावरून सुरू होतं. ताई, आधी जरा पटकन बोललो. तुमचा अर्धा तास गप्पांचा मुद्दा बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली बरोबर आहे तिचं आणि टीव्ही बंद केला.

द्राक्षवेल:
सगळ्यांचे खूप आभार, कास_कन्या तुम्ही त्या दोघांपैकी एकाशी बोला हो, वाट बघताय म्हणजे आवडतोय. वहिनी, तालमी किती वाजता असतात? लॅबमधून साडेसहाला निघू शकते, प्रॉम्प्टिंग जमेल, माझा आवाज खणखणीत आहे, मशीनच्या आवाजात बोलायची सवय आहे. आणि लाईटवाला नवीन कुणी आलाय का या वर्षी?

गावभाग_वहिनी:
सात ते दहा. लाईटला यंदा एकजण आलाय, इंजिनियरिंग कॉलेजात शिकवतो, एकटा आहे, बाकी तू बघ, मी काही बोलणार नाही. भडंग आमचं असतं, चहा आळीपाळीनं. नंबर व्यनित (खाजगी मेसेजमध्ये) पाठवते.