विषय: पुन्हा मिनीव्हॅन - सुरू होते आणि दोन सेकंदात बंद

सचिव:
मंडळी, शनिवारी स्पीकर आणि खुर्च्या हलवायच्या आहेत आणि व्हॅन परत रुसलीये. ह्या वेळी वेगळंच चाललंय, किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू होते, आवाज एकदम छान, आणि एक-दोन म्हणेपर्यंत बंद. परत फिरवा, परत तेच. सकाळपासून दहा-बारा वेळा करून झालं. बॅटरी नवीन आहे, पेट्रोल अर्ध्याच्या वर आहे. टो करायची की नाही ते आज ठरवायचंय, पटापट सांगा.

काका:
फ्युएल पंप. मी मागच्या मीटिंगलाच म्हणालो होतो की पंपाचा आवाज बरोबर येत नाहीये, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. लाइनमध्ये आधीचं थोडं पेट्रोल असतं त्यावर सुरू होते, ते संपलं की बंद. माझ्या आधीच्या गाडीचं अगदी हेच झालं होतं, हायवेवर मुलांना घेऊन दीड तास उभा होतो. तोपर्यंत ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबून मग किल्ली फिरवून बघा.

खजिनदार ताई:
पंप बदलायचा असेल तर आधी मला विचारा. मागच्या वेळी ऑल्टरनेटर बदलला आणि शेवटी निघाली बॅटरीची सैल वायर, तो खर्च अजून माझ्या वहीत तसाच आहे. आधी नक्की काय बिघडलंय ते कळू दे.

स्टेजवाला दादा:
> ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबून
काका, हे कार्ब्युरेटरच्या गाडीत चालायचं, तिथे पेडल दाबलं की आत पेट्रोलची पिचकारी उडायची. इंजेक्शनच्या गाडीत पेडल फक्त हवेचं झाकण उघडतं, पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. पण पेडलचा एक उपयोग आहे. सुरू झाल्या झाल्या हलकं दाबून धरा. तसं धरल्यावर चालत राहिली आणि सोडल्यावर बंद पडली तर आयडलच्या, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू ठेवणाऱ्या हवेत गडबड, म्हणजे आयडल व्हॉल्व्हवर काजळी, नाहीतर एअर फिल्टरपासून येणारा रबरी पाइप फाटलेला. दाबून धरूनही त्याच क्षणाला बंद पडली तर हवेचा काही संबंध नाही. आणि हे सगळं गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून करा, धूर आत साठू देऊ नका.

काका:
कार्ब्युरेटर आणि इंजेक्शनमधला फरक मला माहीत आहे, ही गाडी सहा वर्षं मीच सांभाळली. पंप बघा.

सचिव:
दादा, पेडल दाबून बघितलं. काही फरक नाही, बरोबर दोन सेकंद. काका, पंपासाठी मुलाला पेट्रोलच्या झाकणाशी कान लावून उभं केलं आणि मी किल्ली फक्त ऑनपर्यंत नेली, आतून दोन सेकंद गुणगुण ऐकू आली आणि थांबली. म्हणजे पंप गेला ना?

स्टेजवाला दादा:
नाही नाही, ते तसंच असतं. इंजिन फिरत नसेल तर पंप दोन-एक सेकंद प्रेशर भरतो आणि थांबतो. पण नुसता आवाज आला म्हणजे प्रेशर येतंय असं नाही, काकांची शंका खोटी म्हणता येणार नाही. माझ्याकडे प्रेशर मोजायचं गेज आहे, संध्याकाळी येतो.

वहिनी:
मला एक सांगा, किल्ली स्टार्टवरून सोडली की लगेच बंद पडते, का सोडल्यावर थोडी चालून मग? सोडताक्षणी असेल तर इग्निशन स्विच बघा, आमचा तोच गेला होता. आणि डॅशबोर्डवर कुठला दिवा लुकलुकतोय का?

सचिव:
सोडल्यावर चालते, मग बंद. दिवा आहे एक लाल, कुलपाचं चित्र आहे, भराभरा लुकलुकतोय. मला वाटलं दार नीट लागलं नसेल.

वहिनी:
अहो तेच तर आहे! इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन चालू न देणारं चोरीविरोधी कुलूप. किल्ली कुठली वापरताय?

युवा समितीचा दादा:
किल्लीतला सेल संपला असेल, बदलून बघा.

वहिनी:
> किल्लीतला सेल
तो सेल रिमोटने दारं उघडायला. इंजिनसाठीची चिप वेगळी, तिला सेल लागतच नाही, लॉकभोवती कॉइल असते तिच्यातून तिला वीज मिळते. काही गाड्या इंजिन आधी सुरू होऊ देतात आणि तेवढ्यात चिपचा कोड तपासतात, जुळला नाही की बंद करतात. म्हणून इतकी ठरलेली दोन सेकंदं.

स्टेजवाला दादा:
आत्ता गेज लावून आलो. बंद पडल्यानंतरही प्रेशर तसंच टिकून आहे, काटा हललासुद्धा नाही. पेट्रोल संपून बंद पडली असती तर काटा खाली आला असता. पेट्रोल इंजिनच्या दारापर्यंत येतंय, पण ते आत फवारणारे इंजेक्टर कॉम्प्युटर उघडत नाहीये. वहिनींचं बरोबर वाटतंय. सचिव, किल्ली?

सचिव:
ड्रॉवरमधली. साधी, डोक्यावर काळं प्लास्टिक नसलेली.

काका:
ती मीच करून आणली होती, सामान उतरवताना मागचं दार उघडायला. तिने गाडी कधी चालवलीच नव्हती. ओरिजिनल फर्स्ट-एडच्या डब्यात आहे, पांढऱ्या पाकिटात. हे मी आधीच विचारायला हवं होतं, तुमचा सगळा दिवस गेला.

सचिव:
मिळाली. लाल दिवा लागून विझला, वीस मिनिटं झाली, चालू आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, वहिनींचे जास्त.

खजिनदार ताई:
चिपवाली दुसरी किल्ली करायलाच हवी, ओरिजिनल हरवली तर काय? काही गाड्यांत नवी किल्ली आपली आपण शिकवता येते पण त्याला आधीच्या दोन चालू किल्ल्या लागतात, आपल्याकडे एकच आहे. काका, कोटेशन तुम्हीच आणाल का?

काका:
आणतो. ओरिजिनलला लाल दोरा बांधलाय. साध्या किल्लीवर चिकटपट्टी लावून "फक्त दार" लिहिलंय.